साताचे खिळे

धुळ्याच्या त्या शाळेत संगणकाची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी होती. बाहेर चपलांची रांग लागायची. मुलं पायपुसण्यावर तळवे दोन-दोनदा घासून आत शिरायची, कारण महाजन सर दारात उभे राहून पायांकडेच बघत असत. आत चार संगणक, आणि एकेका संगणकापुढे पाच-पाच डोकी. नव्या तुकडीचा पहिला तास असला, की सर काही शिकवायच्या आधी एकच गोष्ट करायला लावत.

"सातची कळ शोधा. सापडली? दाबा. सोडू नका, दाबून ठेवा."

काळ्या पडद्यावर हिरवे सात धावायला लागायचे. एक ओळ भरायची, दुसरी भरायची, पडदा भरून वर सरकायला लागायचा. मुलं खिदळायची.

"सर, किती वेळ?"

"संपेपर्यंत."

"पण संपतच नाहीत, सर!"

"नाही ना संपत?" सर विचारायचे, आणि ते असं विचारायचे, की जणू त्यांनाच खात्री करून घ्यायची आहे. "बरं. सोडा आता."

मग ते खिडकीशी जाऊन थोडा वेळ पाठमोरे उभे राहायचे. मुलांनी त्यांचं नाव 'सातवाले सर' पाडलं होतं. एका धीट मुलानं एकदा विचारलंच, "सर, आठ का नाही?" सर म्हणाले, "आठ कधी कमी पडले नव्हते." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

ही १९९६ नंतरची गोष्ट. त्याच्या आधी चुडामण महाजन हा माणूस सर नव्हता. बऱ्याच ठिकाणी बरंच काही होता, पण सर नव्हता.

मूळचा तो भडगाव तालुक्यातला. मॅट्रिक झाल्यावर जळगावला आला आणि एका लहान दैनिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिशाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं वेगळं घर, आणि ती सगळी घरं चुडामणच्या बोटांना पाठ. नजर अशी, की उलटं अक्षर दुरून ओळखायचा. फोरमन रुपचंद तोंडानं फटकळ होता. तो म्हणायचा, "चुडामण, तुला उलटं अक्षर सरळ दिसतं अन् सरळ माणूस उलटा. बायको पाहायला जाशील तेव्हा मला संगं घेऊन जा."

पाच वर्षांत चुडामणचं लग्नही झालं आणि छापखान्यात नोकरी पक्कीही झाली.

१९८४ च्या जून महिन्यात दहावीचा निकाल लागला. तेव्हा गुणपत्रिका शाळेत यायला आठ-दहा दिवस लागत. तोवर पास की नापास हे कळायचं ते वर्तमानपत्रातूनच. बोर्डाच्या यादीवरून पास झालेल्यांचे नुसते नंबर छापायचे. ज्याचा नंबर दिसला तो पास, नाही दिसला तो नापास. त्या दिवशी दैनिकाचा खास अंक निघायचा आणि छापखान्याच्या दाराशी सकाळपासून गर्दी असायची. मालक रतिलालशेठनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "एक आकडा जरी चुकला, तर त्या माणसानं उद्या इथं तोंड दाखवायचं नाही. मागच्या साली मगनचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय." मगन अकरा वर्षं खिळे जुळवणारा जुना कंपोझिटर होता. एका शून्यापायी गेला होता.

छापखान्यात खिळे मोजके असतात. रोजच्या बातम्यांना आकडे लागून लागून किती लागणार? निकालाच्या दिवशी मात्र नुसते आकडेच. त्यातून भुसावळकडच्या एका केंद्राचे सगळे नंबर २७७ नं सुरू होत होते. म्हणजे दर नंबराला निदान दोन सात. साताचं घर बघता बघता रिकामं झालं. अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं असायचं. जो आकडा कमी पडला, त्याच्या जागी दुसराच एखादा खिळा पाय वर करून लावायचा. प्रुफावर तिथं काळा ठिपका उमटतो. पहिलं पान मशिनवरून उतरलं, की त्यातले सात सोडवून आणायचे आणि काळे ठिपके एकेक करून भरायचे.

चुडामणनं भरले. सगळे भरले, एक सोडून. २७७७१. त्याला तीन सात हवे होते आणि हातात दोनच होते. बाहेर लोक दार बडवत होते. चुडामणनं तो नंबर उचलून बाजूला काढला, वरची-खालची ओळ जुळवून घेतली, आणि आठवण राहावी म्हणून एका चिठ्ठीवर २७७७१ लिहून ती शर्टाच्या खिशात घातली. सात सापडला, की रकान्याच्या शेवटी घालून टाकू.

"अरे सोड फर्मा!" रुपचंद ओरडला. "लोक दार तोडून आत येतील, मग त्यांनाच जुळवायला बसव."

जुळवलेल्या पानाचा फर्मा मशिनवर गेला.

दुपारी बारानंतर सगळं शांत झालं. रुपचंद जेवायला गेला. आतल्या केबिनला पडदा होता आणि पडद्यामागे रतिलालशेठ फोनवर बोलत होते. चुडामण एकटाच केस झाडत होता. तेवढ्यात दारात एक पन्नाशीचा माणूस येऊन उभा राहिला. धोतर, टोपी, उन्हासाठी काळी छत्री. दुसऱ्या हातात खताच्या पिशवीच्या प्लास्टिकात गुंडाळलेलं परीक्षेचं प्रवेशपत्र.

"भाऊ, मह्या पोरीचा नंबर राह्यला काय, पाहा ना. सत्तावीस हजार सातशे एकाहत्तर. तिच्या मागचा हाय, पुढचा हाय, तिचाच नाही."

चुडामणचा हात आपोआप खिशाकडे गेला. चिठ्ठी तिथंच होती.

बोर्डाची यादी टेबलावर उघडी पडली होती. त्यानं ती ओढली, बोट फिरवत खाली आणलं. २७७७१. होता. ठसठशीत होता. म्हातारा समोरून बघत होता, म्हणून चुडामणनं बोट तिथंच थांबवलं नाही, आणखी दोन ओळी खाली नेलं. पडद्यामागे शेठ खाकरले.

"नाही आबा. यादीतच नाही."

"नीट पाह्यलं ना भाऊ?"

"नीट पाहिलं."

म्हाताऱ्यानं प्रवेशपत्र पुन्हा प्लास्टिकात गुंडाळलं. गुंडाळायला त्याला फार वेळ लागला. "सकाळी मले म्हने, आबा, मी पास व्हईनच. गनितात तं..." तो मधेच थांबला. माठाकडे बघून म्हणाला, "पानी घेऊ काय?" दोन पेले प्याला. "मी तिले शब्द देल्ता, पास झाली तं कॉलेजात घालीन. आता पाव्हन्यायले हो म्हनून टाकतो. एकादशीच्या आत मुहूर्त हाय. राम राम भाऊ."

तो गेला. केसच्या कडेला त्याची छत्री तशीच लटकत राहिली.

छत्री घेऊन धावत गेलं असतं, तर म्हातारा कोपऱ्यावर सापडला असता. तिथं पडदा नव्हता, शेठ नव्हते. चुडामण उठला नाही. तो मनाशी म्हणाला, आठ दिवसांत गुणपत्रिका येईल आणि आपोआप सगळं कळेल. आठ दिवसांत कुठं लग्न होतं?

छत्रीच्या आतल्या कापडावर लाल दोऱ्यानं नाव भरलेलं होतं: गिरधर जीवराम चौधरी. खाली गावाचं नाव, वरणगावच्या अलीकडचं. अक्षर मुलीचं असावं. फार नेटकं. 'गिरधर'मधल्या ध-ला वर एक वेलांटीसारखा वळसा दिला होता. असा ध चुडामणनं कुठल्याच केसमध्ये पाहिला नव्हता.

दहाव्या दिवशी, रविवारी, तो छत्री द्यायला म्हणून गेला. खरं तर सगळं सांगायचं ठरवून गेला होता. एस.टी.तून उतरला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. समोर मांडव. आंब्याची पानं वाळून गुंडाळी झालेली. ओट्यावर एक म्हातारी डाळ निवडत बसली होती.

"गिरधर चौधरींचं घर?"

"तेच नं. काल पाठवनी झाली पोरीची, धुये जिल्ह्यात देली." मग तिनं आवाज खाली आणला. "अन् तमाशा पाहा, आज सकायी मास्तर कागद घेऊन आला. पोरगी पास हाय म्हने! पह्यल्या वर्गात. गिरधर तवापासून कागद घेऊन बसला तं बसलाच हाय."

तिनं बोट केलं तिकडे चुडामणनं पाहिलं. मांडवाच्या खांबाला पाठ टेकून तो माणूस बसला होता. मांडीवर कागद, कागदावर दोन्ही हात, जणू वाऱ्यानं उडून जाईल. तीस पावलांचं अंतर असेल.

चुडामण ती तीस पावलं चालला नाही. छत्री काखेत मारून तो फाट्यावर परत आला आणि मिळेल त्या गाडीत बसला.

छापखान्यात कुणालाच काही कळलं नाही. कुणी रागावलं नाही, कुणी काढलं नाही. पण चुडामणची बोटं साताच्या घराशी जाऊन अडायला लागली. रुपचंद एक-दोनदा म्हणाला, "काय रे, त्या घरात विंचू बसलाय का?" दिवाळीच्या आधी चुडामणनं स्वतःच नोकरी सोडली.

मग अमळनेरला एका तेलाच्या गिरणीत डबे मोजायला राहिला. मग वरणगावला कारखान्याच्या कामगारांसाठी एकानं खाणावळ काढली होती, तिथं. तिथं तर तीन महिनेसुद्धा टिकला नाही. रोज बाहेर एस.टी.चा कंडक्टर गिरधर चौधरींच्या गावाचं नाव पुकारायचा आणि चुडामण वाढायचं सोडून आत निघून जायचा. मग पुन्हा अमळनेर, थिएटरच्या तिकिटांच्या खिडकीत. तिकिटांवर आकडे छापलेले असतात. २७७७० फाडून दिलं, की पुढचं तिकीट तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, स्वतःच विकत घ्यायचा. ती खुर्ची रिकामी राहायची. एकदा चालू खेळात आत जाऊन त्यानं पाहिलं. गच्च भरलेल्या रांगेत ती एकच खुर्ची रिकामी. त्यानंतर तो पुन्हा आत गेला नाही. महिनाभरानं ती नोकरीही सुटली.

दर नोकरीला खोली बदलायची, आणि दर खोलीत पहिला खिळा ठोकला जायचा तो छत्रीसाठी. ती कधी उघडली जायची नाही. भर पावसात चुडामण भिजत घरी यायचा आणि छत्री भिंतीवर कोरडी. बायको ताईबाई सामान बांधताना कावायची.

"बठ्ठं सामान बांधी टाकं. ती छत्री तेवढी राहू द्या आते. काय शे एवढं त्यामा?"

"असू दे."

"असू दे, असू दे. छत्री नै, माझी सवत शे ती. मले खिळा नै, तिले खिळा!"

चुडामण छत्री खिळ्यावरून काढून स्वतःच्या काखेत मारायचा. सगळं सांगितलं असतं तर कदाचित हलकं झालं असतं. पण आपण हलकं होणं हेच त्याला चोरीसारखं वाटायचं.

अमळनेरलाच एका टायपिंग क्लासमध्ये तो शेवटी स्थिरावला. यंत्रं पुसायची, रिबिनी बदलायच्या, मुलांचे कागद तपासायचे. १९९१ साली क्लासच्या मालकानं जळगावहून एक जुना संगणक आणला. दोन दिवस त्याला हळदकुंकू लावून तो नुसता झाकून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "महाजन, तुम्ही हात लावून बघा हो. मला भीती वाटते."

चुडामण खुर्चीवर बसला. पडद्यावर एक रेघ लुकलुकत होती. त्यानं विचार केला नाही. बोट जिथं जायचं तिथं गेलं. सात. मग त्यानं बोट उचललंच नाही. सात, सात, सात. ओळ संपली, दुसरी आली. तो वाट बघत होता, की आता कमी पडतील. पडदा भरला. सात येतच राहिले.

"अहो महाजन! बिघडेल ना ते!"

चुडामणनं हात काढला तेव्हा त्याचा चेहरा बघून मालक घाबरला. "काय झालं? झटका बसला का?"

"नाही," चुडामण म्हणाला. "इथं काही कमीच पडत नाही."

त्या दिवसापासून तो त्या यंत्राला चिकटला. आठवड्यातून तीनदा एस.टी.नं जळगावला जाऊन कोर्स केला. वयाच्या तिशीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसला. पुढं तोच शिकवायला लागला. १९९६ मध्ये धुळ्याच्या शाळेला देणगीत संगणक मिळाले आणि शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा मुलाखतीला गेला. मुख्याध्यापकांनी अर्ज उलटापालटा करून विचारलं, "एवढ्या नोकऱ्या का सोडल्या हो तुम्ही?"

"आकडे जुळत नव्हते, सर."

मुख्याध्यापकांना वाटलं, माणूस विनोदी आहे. घेतला.

शाळेत मात्र त्यांचा मान वाढत गेला. शाळेच्या याद्या आता तिथंच छापल्या जायच्या, आणि महाजन सरांचा नियम होता की दोन मुलांनी मोठ्यानं वाचून ताडून पाहिल्याशिवाय एकही यादी खोलीबाहेर जायची नाही. एक वाचणार, दुसरा बोट ठेवणार. मग दोघं अदलाबदल करणार. इतर शिक्षक चेष्टा करायचे, पण चूक सापडायची नाही. चुडामणला पहिल्यांदाच वाटायला लागलं, की आपण एका जागी राहू शकू.

आणि १९९८ च्या जुलैत ते कव्हर आलं.

धुळ्याची धूळ संगणकाला बाधायची, म्हणून सरांनी मुलांना झाकायला कापडी कव्हरं शिवून आणायला सांगितली होती. आठवीतल्या उज्ज्वलानं आणलं ते निळ्या कापडाचं होतं. त्यावर लाल दोऱ्यानं शाळेचं नाव आणि खाली 'धुळे'. सरांनी ते हातात घेतलं आणि खिडकीशी उजेडात नेलं. 'धुळे'तल्या ध-वर तोच वेलांटीसारखा वळसा होता.

"कुणी भरलं गं हे नाव?"

"आईनं, सर."

"तुझ्या मामाचं गाव कोणतं?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "बरं. ठेव तिथं." पुढच्या तासाला ते गेलेच नाहीत, डोकं दुखतंय म्हणून घरी आले. आणि त्या संध्याकाळी चौदा वर्षांनी त्यांनी ताईबाईला सगळं सांगितलं.

ताईबाई भाकरी थापायची थांबली.  मग म्हणाली, "मले वाटे, कोनी बाईनी शे ती छत्री." हातावरचं पीठ झाडून म्हणाली, "मंग देई या ना. दुसऱ्यानी वस्तू शे."

"छत्री देणं सोपं आहे गं. काय म्हणून देऊ?"

ताईबाईनं पुन्हा भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सर छत्री घेऊन शाळेत गेले आणि संगणकाच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिली. दोन-तीन दिवसांनी उज्ज्वलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई किती शिकलीय तुझी?"

"दहावी पास आहे सर, पहिल्या वर्गात. पण आजोबांनी पुढं शिकवलं नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. सरांना एकदम मोकळं वाटलं. जे सांगायचं, ते तिला केव्हाच कळलेलं आहे. आता उगाच जुनं उकरून काय करायचं? 'सर' हा शब्द ऐकायला त्यांना आयुष्यातली पस्तीस वर्षं लागली होती. तो आता एका बाईच्या तोंडून ऐकताना खोटा व्हावा, असं त्यांना वाटत नव्हतं. कपाटाला त्यांनी कुलूप लावलं. पण वर्गात शिकवताना त्यांची पाठ कायम त्या कपाटाकडे वळलेली असायची, आणि पाठीला ते कळायचं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, की पालकांना संगणक बघायला वर येऊ द्यायचं ठरलं होतं. गर्दी झाली, पांगली. शेवटी उज्ज्वला आपल्या आईला घेऊन आली. इंदिराबाई तिशीची, पण त्याहून थकलेली दिसत होती. चपला काढून, पाय पुसून आत आली. निळ्या कव्हरावरून तिनं हात फिरवला.

"काय गं, सरांना विचारलं का, कव्हर कसं झालं?"

"विचारलं ना. सर म्हणाले, छान झालं."

इंदिराबाईनं सरांकडे पाहिलं. सर गोंधळले. त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. ते तर कपाटाला कुलूप लावल्यापासून पोरीला टाळतच होते.

"बघा सर!" इंदिराबाई हसली. "विचारलंच नाही, अन् विचारून आले म्हणते. आजोबावर गेली पुरी. माझे आबा असेच. मी दहावीला पास झाले, अन् यांनी मला नापास म्हणून लगीन लावून दिलं. पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेले तेव्हा मैत्रिणीनं सांगितलं. मी आबांना विचारलं, तर म्हणतात, मी जळगावच्या छापखान्यात जाऊन विचारून आलो होतो, तिथला माणूस यादी पाहून नाही म्हणाला. वर पुरावा काय, तर छत्री तिथंच राहिली!" ती पुन्हा हसली, पण या खेपेला आवाज वेगळा होता. "मी म्हटलं, आबा, छापखान्यातला माणूस कशाला खोटं बोलेल? त्याचं काय अडलंय? तुम्हाला लगीन उरकायचं होतं, तसं सांगा. त्यानंतर बारा आखाज्या मी माहेरी गेले नाही. दर साली मुराळी घ्यायला यायचा, अन् मी त्याला जेवू घालून रिकामा परत धाडायची."

"आणि आबा?" सरांनी विचारलं.

"गेले ना, मागच्या दिवाळीत."

महाजन सर उठले. खिशातून किल्ली काढताना ती एकदा खाली पडली. उज्ज्वलानं उचलून दिली. त्यांनी कपाट उघडलं, आणि छत्री आणून इंदिराबाईच्या समोर, निळ्या कव्हरावर ठेवली.

तिनं ती लगेच ओळखली नाही. आधी मूठ पाहिली. मग काड्या थोड्या फाकवून आतलं कापड पाहिलं.

"तो छापखान्यातला माणूस मी," सर म्हणाले. "तुमचा नंबर माझ्या हातून राहिला होता. आबा आले तेव्हा तो यादीत होता. मी पाहिला. आणि नाही म्हणालो."

उज्ज्वला एकदा आईकडे, एकदा सरांकडे बघत होती. खाली मैदानात कुणी तरी ध्वनिक्षेपक बंद केला.

आता ती ओरडेल, शिव्या देईल, मुख्याध्यापकांकडे जाईल, याची सरांनी चौदा वर्षं तयारी केली होती. इंदिराबाई खुर्चीवर बसली. आपण दोऱ्यानं भरलेल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे आबा खरंच आले होते."

"हो."

"कुठं उभे होते?"

"दारात. मग टेबलाजवळ आले."

"बसले नाहीत?"

"मी बसा म्हटलं नाही."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "पाणी?"

"माठातलं प्याले. दोन पेले."

"म्हणजे फार तहान लागली असेल. ते मागायचे नाहीत कुणाकडे." ती उठली. छत्री तिनं दोन्ही हातांनी उचलली, तान्हं मूल उचलतात तशी. दारात चपला घालताना एकदा वळली. "सर, तुमच्याशी काय बोलायचं, ते मला आत्ता सुचत नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

त्यांना वाटलं, आता उज्ज्वला वर्गात यायची नाही. पण सोमवारी ती आली. तास संपल्यावर थांबली आणि एक घडी केलेला कागद पुढं केला. त्यावर एकच ओळ होती: आबांच्या अंगात कोणता सदरा होता?

सरांनी त्याच कागदावर उत्तर लिहिलं. पांढरा, खिशाजवळ शाईचा डाग. पुढच्या आठवड्यात दुसरा कागद आला. ते कोणत्या गाडीनं आले म्हणाले का? मग तिसरा. जाताना मागं वळून पाहिलं का? चौथ्यात, कॉलेजात घालायचं काही बोलले का? सर प्रत्येकाला उत्तर द्यायचे. काहीच विसरले नव्हते ते. चौदा वर्षं जे त्यांनी एकट्यानं डोक्यात धरून ठेवलं होतं, ते आता चिठ्ठी-चिठ्ठीनं त्या घरी जात होतं. एवढं जाऊनही आत काही कमी होत नव्हतं. शिकवता शिकवता दाराकडे नजर गेली, की धोतराचा सोगा दिसल्यासारखा व्हायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी लिहिली नव्हती. ती विचारली गेली नव्हती, असं ते स्वतःला सांगायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. गिरधर आबांच्या वर्षश्राद्धाला इंदिराबाई माहेरी जाणार होती, तेरा वर्षांनी. उज्ज्वला कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं: अजून काही राहिलं का?

सर तो कागद घेऊन खिडकीशी गेले. पोरगी मागं उभी होती, बाहेर रिक्षा थांबली होती. मग ते टेबलाशी आले आणि उभ्या उभ्या लिहिलं:

'राहिलं. मी नाही म्हणाल्यावर आबा म्हणाले, सकाळी मले म्हने, आबा, मी पास व्हईनच. गनितात तं. एवढं बोलले आणि थांबले. गणितात काय, ते त्यांना बोलवलं नाही. ते तुम्हालाच ठाऊक असेल.'

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग उज्ज्वलाला मोठ्यानं वाचायला लावली आणि स्वतः ओळीवर बोट ठेवत गेले. सगळं जागच्या जागी होतं. उज्ज्वलानं घडी घातली आणि फ्रॉकच्या खिशात टाकायला गेली.

"खिशात नको," सर एकदम म्हणाले. "हातात धर. घर येईपर्यंत हातातच धर."